चाकाच्या आतली ओल: पद्मिनीचा गळका ब्रेक सिलिंडर

सकाळी गाडी पुसायला जावं आणि मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला एक ओला ओघळ दिसावा. पाऊस पडलेला नाही, गल्लीतलं कुत्रंही इकडे फिरकलेलं नाही. बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघावी तर पातळी अर्ध्या बोटाने खाली. जुनी फियाट किंवा पद्मिनी पाळणाऱ्याच्या नशिबी ही सकाळ येतेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. प्रत्येक ड्रमच्या आत शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी, आणि त्यांना ब्रेक ऑइलच्या दाबाने पसरवणारा व्हील सिलिंडर असतो. आपला चोर बहुतेक वेळा तोच.

हा लेख ज्यांनी आजवर फार तर स्टेपनी बदलली आहे त्यांच्यासाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण मी ती उशिरा शिकलो: पन्नास-शंभर रुपयांचं रबर बदललं की गळती थांबते खरी, पण किती दिवस थांबेल हे रबर ठरवत नाही. ते सिलिंडरच्या आतली भिंत ठरवते. त्यामुळे या कामातला निम्मा वेळ टॉर्च घेऊन त्या भोकात बघण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

आणि हो, गळतं चाक घेऊन गाडी "हळूहळू चालवत" गॅरेजपर्यंत नेऊ नका. जुन्या मॉडेलांत ब्रेकचं सर्किट एकच. एका चाकात गळती वाढली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पेडल फळीपर्यंत खाली जातं, आणि ते नेमकं उतारावर जातं.

ओल कसली, ते आधी

मागच्या चाकात दोन प्रकारचं तेल येऊ शकतं. एक ब्रेक ऑइल, दुसरं अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून आलेलं गियर ऑइल. गियर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, बोटांना निसरडं. तरी खात्री नसेल तर ग्लासभर पाण्यात ओलीचे दोन थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गियर ऑइल वर तवंग धरून बसतं. ही परीक्षा फुकटची आहे आणि ती न केल्यामुळे लोक सिलिंडर बदलून पुन्हा तीच ओल बघत बसलेले मी पाहिलेत. तवंग आला तर हा लेख इथेच थांबवा. तुमचं काम ऑइल सीलचं आहे.

सिलिंडर का गळतो

व्हील सिलिंडर म्हणजे दोन्ही टोकांना उघडी असलेली बिडाची छोटी नळी. आत मध्यभागी स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना रबराचा एकेक कप, कपामागे पिस्टन, आणि बाहेरून धूळ अडवणारा रबरी बूट. पेडल दाबलं की मधल्या जागेत तेल शिरतं, कप फुगून भिंतीला चिकटतो आणि पिस्टन शूला बाहेर ढकलतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मुंबई-कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ते पाणी सिलिंडरमध्ये साचतं, बिडाला गंज चढतो आणि भिंतीवर बारीक खड्डे पडतात. कपाची ओठाएवढी कड त्या खड्ड्यांवरून घासत गेली की तेलाला वाट मिळते. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा वर्षभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी जास्त गळते.

यातूनच एक कोडं सुटतं. शूवर बसवलेला, ड्रमला घासून झिजणारा थर म्हणजे लायनर. "शूला नवे लायनर मारले आणि आठवड्यात सिलिंडर गळायला लागला, कारागिराने काहीतरी घोळ घातला," ही तक्रार जुनीच आहे. घोळ बहुधा कोणीच घातलेला नसतो. लायनर झिजत जातात तसे पिस्टन बाहेरच्या बाजूला सरकत येतात, आणि मधल्या भागात गंज निवांत बसून राहतो. नवे जाड लायनर आले की पिस्टन पुन्हा आत ढकलले जातात आणि कप थेट त्या गंजलेल्या पट्ट्यावर जाऊन बसतो.

बाजारातून काय आणायचं

ड्रम उघडल्याशिवाय सामान आणू नका. सिलिंडरच्या अंगावर कोरलेला आकडा आणि व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजलेला आतला व्यास, दोन्ही लिहून घ्या. शक्य असेल तर जुना सिलिंडरच फडक्यात गुंडाळून न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, आणि जुन्या गाड्यांतून काढलेलं सामान हवं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. पूर्वी टॅक्सीवाल्यांमुळे पद्मिनीचा प्रत्येक स्क्रू कोपऱ्यावर मिळायचा. ताडदेव आरटीओत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून तिचं चालणं संपलं. आता दुकानदार माळ्यावर चढून खोकं शोधतो. त्या खोक्यातला सिलिंडर कोरा करकरीत असला, तरी त्यातले कप वीस वर्षं जुने असू शकतात. तसला सिलिंडर घेतलात तर सोबत नवं किटही (कप आणि बुटांचा रबरी संच) घ्या आणि बसवण्याआधी उघडून कप बदला.

बाकी यादी छोटी आहे. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद अर्ध्या लिटरची बाटली. उघडून ठेवलेली बाटली दुकानदाराने आपुलकीने दिली तरी नको. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक पाइपच्या नटासाठी खाच असलेला पाइप पाना, कारण साध्या पान्याने तो मऊ नट गोल होतो. माशांच्या टाकीत हवा सोडायची पारदर्शक नळी हातभर. गंज सोडवणारा स्प्रे, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, आणि भरपूर जुनी धोतरं.

गाडी उचलताना

सपाट, टणक जागा बघा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गाडी जॅकने उचला, पण ठेवा स्टँडवर. विटा नकोत, पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत, आणि कोकणातल्या मंडळींनो, जांभ्याचा चिरासुद्धा नको. तो दिसतो भक्कम, पण एका ठिकाणी भार आला की भुगा होतो.

हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. खाली वाकून केबल कुठे जाते ते बघा. ती मागच्या शूंना जात असेल तर ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावाच लागेल. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर असतो. तिथे आणखी एक गंमत आहे: एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरमुळे) ते चाक मोकळं फिरतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. ठोकळे लावा म्हणतो ते उगाच नाही.

ड्रम

चाक काढा. बॅकप्लेटच्या, म्हणजे शू आणि सिलिंडर ज्यावर बसतात त्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या, मागे शू सेट करायचे नट असतील तर ते सैल करून शू आत घ्या, म्हणजे ड्रमची पकड सुटेल. ड्रम धरून ठेवणारे छोटे स्क्रू काढा. ड्रमवर आटे पाडलेली रिकामी भोकं असतील तर त्यात योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. ड्रम आपोआप बाहेर येतो. भोकं नसतील तर ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून सगळीकडून हलके ठोके द्या. लोखंडी हातोडीने ड्रमवर राग काढू नका, बीड तडकतं.

आतली काळी धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आता मोबाईलने फोटो काढा. दोन-तीन नव्हे, दहा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, लायनरचा लांब भाग कुठल्या बाजूला. दुसऱ्या बाजूचा ड्रम तोवर उघडू नका. घोळ झाला तर तोच तुमचा नकाशा. आणि ड्रम निघालेला असताना कोणालाही पेडलला पाय लावू देऊ नका, पिस्टन टपकन बाहेर पडतील.

सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे बूट नखाने जरा उचला. आत किंचित ओलसरपणा असू शकतो, पण थेंब निघाला तर चोर सापडला.

लायनर ब्रेक ऑइलने भिजले असतील तर ते गेले. पेट्रोलने धुणं, गॅसवर भाजणं हे सगळे प्रयोग मी करून पाहिलेत. वरून कोरडे दिसतात, गरम झाले की आतलं तेल पुन्हा वर येतं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. शू लायनरवाल्याकडे देऊन नवे लायनर रिबिट मारून घ्या, आणि एकाच बाजूचे नव्हे, डावे-उजवे दोन्ही.

सिलिंडर बाहेर

शक्य असेल तर आदल्या रात्रीच पाइपच्या नटावर आणि ब्लीडर निपलवर (सिलिंडरमधली हवा बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूवर) गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पहिलं काम निपल सैल करून बघण्याचं. ते तुटलं तर सिलिंडर नवाच घ्यावा लागेल, मग पुढचा विचार वाचतो.

पाइपचा नट फिरवताना पाइपसुद्धा सोबत पीळ खातोय का यावर डोळा ठेवा. खात असेल तर थांबा, पुन्हा स्प्रे मारा, पुढे-मागे थोडं थोडं हलवा. पिळलेला पाइप बदलावाच लागतो. नट सुटला की तेल टपकायला लागेल. ते थांबवायची जुनी युक्ती अशी: पेडल इंचभर खाली दाबून सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं (पेडलने दाबला जाऊन चारही चाकांकडे तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरमधलं) डबीकडून येणारं भोक त्यामुळे बंद होतं आणि डबी रिकामी होत नाही. हे पाइप सोडण्याच्या आधी, या सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडू नयेत म्हणून त्याला सुतळीचा वेढा घालून, आणि दुसऱ्या कुठल्याही चाकाचा ड्रम उघडा नसताना करायचं. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल.

आता टॉर्च

सिलिंडर काढून दोन्ही बूट उतरवा आणि एका बाजूने लाकडी काडीने ढकला. पिस्टन, कप, स्प्रिंग, सगळं दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. ब्रेक क्लीनरने धुवा, कोरडं करा, उजेडाकडे धरून आरपार बघा.

भिंत आरशासारखी असेल, किंवा फक्त तपकिरी डाग असतील, तर नशीब चांगलं. बारीक पॉलिश पेपर बोटाएवढ्या काडीला गुंडाळा, ब्रेक ऑइलमध्ये भिजवा आणि गोल फिरवत घासा. आत-बाहेर ओढायचं नाही. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा म्हणजे तेलासाठी खोदलेला पाट. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर घासायचंच नाही.

मग नख फिरवा. डाग नखाला लागत नाही, खड्डा लागतो. अगदी टोकाला, बुटाच्या जवळ, जिथे कप कधी पोचत नाही तिथला खड्डा माफ. कप जिथून फिरतो त्या पट्ट्यातला एकही खड्डा माफ नाही. "अजून थोडं घासू" म्हणून घासत राहिलात तर व्यास वाढतो आणि कप सैल बसतो. असा सिलिंडर मन घट्ट करून टाकून द्या. नवा मिळतच नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव (आतून बसणारी पातळ नळी) बसवून मूळ व्यासाला आणून घेता येतो. ज्याने ब्रेकचं काम पूर्वी केलंय अशालाच द्या, शेजारच्या ग्रिलवाल्याला नको.

माझं मत विचाराल तर नवा सिलिंडर मिळत असताना किटवर भागवू नये. किट हा उपाय स्वच्छ भिंतीसाठी आहे.

जोडणी

इथे माझी एक चूक ऐका. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी सगळे सुटे भाग, नवे कपसुद्धा, रॉकेलच्या डब्यात धुतले. वडील धुवायचे, म्हणून मीही. इंजिनच्या भागांना ते चालतं. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल यातलं काहीही चालत नाही. रबर फुगतं. दोन दिवसांत माझे पिस्टन आतच अडकले, शू ड्रमला चिकटून राहिले आणि चाकातून धूर यायला लागला. तेव्हापासून नियम एकच: ब्रेकच्या आतल्या भागांना फक्त ब्रेक क्लीनर आणि ताजं ब्रेक ऑइल.

हात धुवा. भिंतीला आणि कपांना ब्रेक ऑइल लावा. मधोमध स्प्रिंग, दोन्ही बाजूंनी कप, आणि कपाचं तोंड, म्हणजे वाटीसारखा खोलगट भाग, आत स्प्रिंगकडे. ज्या बाजूने दाब येतो तिकडे तोंड, एवढं लक्षात ठेवलं की मास्टर सिलिंडर उघडतानाही चुकणार नाही. उलटा बसवलेला कप पहिल्याच पेडलला गळतो. कप आत सरकवताना कड दुमडू देऊ नका. मागून पिस्टन, वरून बूट. पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून सिलिंडरला सुतळीचा वेढा घाला.

बॅकप्लेटवर चढवताना बोल्ट लगेच आवळू नका. सिलिंडर डुगडुगता ठेवून आधी पाइपचा नट बोटांनी तीन-चार आटे फिरवा. बोटांनी फिरला म्हणजे आटे बरोबर धरलेत. मग बोल्ट, मग नट. ब्लीडर निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला आलंय ना, हेही बघा. पुढच्या चाकांत डावा-उजवा सिलिंडर बदलला तर निपल खाली येऊ शकतं, आणि मग जन्मभर एअर काढली तरी निघत नाही, कारण हवा वर राहते. पुढच्या चाकात एक सिलिंडर आहे की दोन, ते ड्रम काढल्यावर दिसेलच. दोन असतील तर दोन्ही उघडा.

शू, स्प्रिंगा, ड्रम फोटो बघून चढवा. शू सेट करताना ड्रम अडेपर्यंत आवळा आणि मग किंचित घासल्याचा आवाज येईल एवढा सोडा. पेडलची काठी काढायला विसरू नका.

एअर काढणं

पाइप सुटला म्हणजे आत हवा शिरली. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं. हे दोन माणसांचं काम आहे आणि दुसरं माणूस सांगितल्याबरहुकूम वागणारं हवं. माझ्याकडे पुतण्या असतो.

डबी काठोकाठ भरा. मास्टर सिलिंडरपासून पाइपच्या हिशोबाने सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. उजव्या बाजूने चालवायच्या गाडीत सुरुवात सहसा मागच्या डाव्या चाकापासून होते. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. मग आमचा संवाद असा चालतो:

"दाब."

"दाबलं, काका. धरलंय."

मी निपल अर्धा आटा सोडतो, बुडबुड्यांसह तेल येतं, पेडल खाली जातं. निपल बंद करतो.

"सोड."

मी "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, हा एकच कायदा. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा परत आत. दर पाच-सहा वेळांनी डबी बघा. ती एकदा रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. नळीत बुडबुडा दिसायचा थांबला आणि तेल गढूळ चहासारखं न राहता स्वच्छ आलं की पुढचं चाक. बाटलीत जमलेलं तेल पुन्हा डबीत ओतू नका.

आणखी एक: पेडलखाली दीड-दोन इंचांचा लाकडी तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात अगदी शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे तिथेही गंज असतो. एअर काढताना पेडल फळीपर्यंत रेटलं की मास्टरचा कप त्या गंजावर घासून फाटतो. सकाळी व्हील सिलिंडर गळत होता, संध्याकाळी मास्टर गळायला लागतो.

रस्त्यावर जाण्याआधी

बसल्या जागी पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. ते टणक राहिलं पाहिजे. हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे, बाहेर दिसत नसेल तर मास्टरच्या आत. टणक राहिलं तर सगळे जोड कोरड्या बोटाने चाचपा. मग मोकळ्या, सपाट जागी माणसाच्या चालीने गाडी न्या आणि थांबवा, दहा वेळा. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर या टप्प्यावर अनुभवी मेकॅनिकला बोलावून एकदा दाखवा. यात कमीपणा काही नाही. मीही सुरुवातीची दोन वर्षं दाखवत होतो.

आठ-दहा किलोमीटर फिरून आलात की चारही ड्रमजवळ हात नेऊन ऊब बघा, स्पर्श करू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर शू सुटत नाहीये, सेटिंग जरा सोडा. रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्र अंथरा. सकाळी कागद कोरडा असला तरी महिनाभराने मागचे ड्रम पुन्हा उतरवा आणि बुटाची कड नखाने उचलून बघा. आणि डबीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून आजची तारीख लिहून ठेवा. दोन वर्षांनी सगळं ब्रेक ऑइल बदलायचंय, आणि तोवर ही तारीख तुम्हाला आठवणार नाही.